रूथचा हलका मग

रूथ, तुझ्या प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. चर्च गच्च भरलं होतं. पुढच्या बाकांवर तुझ्या हातून बाळंत झालेल्या बायका होत्या, त्यांच्या सुना होत्या. मी उठले आणि माझ्या डोक्यात एकच विषय आला, झाकणाचा मग. पाठीवरच्या बॅगेत टाकून न्यायचा, चुलीवर ठेवता येणारा, त्यातच शिजवायचं आणि त्यातच जेवायचं असा मग. इतक्या वर्षांत तू आणि मी सगळ्यात जास्त बोललो असू, भांडलो असू, ते याच विषयावर. पण चर्चमध्ये उभं राहून भांड्यांविषयी काय बोलणार? तू किती सेवा केलीस, किती मायाळू होतीस, असं काहीतरी बोलून मी खाली बसले. ते खरंच होतं, पण ते कोणीही बोललं असतं. मला जे सांगायचं होतं ते राहून गेलं, म्हणून हे लिहिते आहे.

आपली ओळख निवडणुकीच्या कामावर झाली. मी नंदुरबारच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि माझी ड्यूटी लागली होती धडगावच्याही पलीकडच्या एका पाड्यावर. जीप नाल्याशी थांबली. तिथून पुढे चालतच जायचं होतं. मी ब्राह्मणपुरीची, सपाट काळ्या रानात वाढलेली. चढ कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. वर पोचून बॅग उघडली तर डब्याचं झाकण सुटलेलं, आणि सगळं वरण माझ्या बदलायच्या साडीत आणि स्वेटरमध्ये मुरलेलं. मतदानाचं सामान दुसऱ्याच्या डोक्यावर होतं हे नशीब. शाळेच्या पायरीवर बसून मी ते स्वेटर पिळत होते, तेवढ्यात औषधांची पेटी घेऊन आलेली एक नर्स शेजारी टेकली. ती तू. काही न विचारता तू पिशवीतून जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक भांडं काढलंस. त्याच्या झाकणाला चारी बाजूंनी जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी मारलेली होती. ती तू सोलून काढलीस. आत भात आणि तुरीची डाळ होती, अजून कोमट.

"मासळी खात नसशील तू," तू म्हणालीस.

मी नाही म्हटलं.

"मग खा बिनधास्त. यात कधी सुकट शिजलेली नाही."

इतक्या दमणुकीत, अनोळखी बाईच्या बाबतीत, एवढं तुझ्या लक्षात आलं याचं मला नवल वाटलं होतं. ते तुला मी कधी सांगितलं नाही. तू नंतर कितीतरी वेळा वरणाचा किस्सा सगळ्यांना सांगून मला हसवलंस, पण पुढचा भात कोणाचा होता ते नेहमी गाळलंस.

तू घरी मावची बोलायचीस, मी अहिराणी. पण पहिली काही वर्षं सपाटीवरच्या उपकेंद्रात नोकरी केल्यामुळे तुला माझी बोली माझ्यापेक्षा झणझणीत यायची. आपण बोलायचो अहिराणीतच, मध्ये थोडी गुजराती. शाळेतली मराठी आपण फक्त चिडल्यावर वापरायचो. तू "हे पाहा, नलिनीबाई" अशी सुरुवात केलीस की मी समजून जायचे, आज काही खैर नाही.

डोंगरात हिंडायची कल्पना तुझी. तुझी नोकरी संपली, माझीही संपत आली होती, मुलं बाहेर गेली होती. तू म्हणालीस की जवळजवळ सगळी नोकरी मी सातपुड्यात चालले, पण खांद्याला लशींची पेटी आणि डोक्यात परतायची घाई. एकदा बिनकामाचं चालायचं आहे. दाविदभाऊ तेव्हा भाताच्या शेतावरून आले होते, पाय धूत होते. ते म्हणाले, नोकरीत होती तेव्हा पाय दुखतात म्हणून रोज माझ्याकडून तेल लावून घ्यायची, आता हौसेने चालणार म्हणते. तुझ्या नवऱ्याच्या तोंडून मी सलग ऐकलेलं तेवढंच मोठं वाक्य. ते फार बोलणारे नव्हतेच.

तुझा एक नियम होता. आपलं जेवण आपण शिजवायचं. कुठल्याही पाड्यात कोणाच्याही दारात टेकलो तर लोक आपल्या तोंडचं काढून पाहुण्याला देतात, आणि ते तुला नको होतं. म्हणून दोघींनी आपापला तांदूळ, डाळ, मीठ-मिरची न्यायची आणि आपापला मग. एकच भांडं का नाही, असं मी विचारलं नाही. मला सुकटीच्या वासाच्या भांड्यात खाववणार नाही हे तुला ठाऊक होतं, आणि सुकटीशिवाय तुझा घास उतरत नाही हे मला. दोन मग म्हणजे दुप्पट वजन. तरी दोन.

पहिल्या वर्षी मी पुण्याहून मुलाने पाठवलेला मग आणला होता. दुहेरी भिंतीचा, रबरी कड्याच्या झाकणाचा, बाहेरून निळा रंग. मुलाकडून तो मागवतानाच घोळ झाला होता. मी फोनवर म्हटलं, "मला मग हवा." तो म्हणाला, "मग काय हवं?" मी म्हटलं, "मगच हवा," तर तो म्हणाला की आत्ता नको असेल तर नंतर फोन करतो. असा तो निळा मग तोरणमाळच्या वाटेवर पोचला. सकाळी मी त्यात गरम खिचडी भरून झाकण पक्कं लावलं. दुपारी मोहाच्या झाडाखाली उघडायला गेले तर झाकण निघेना. आतली वाफ गार होऊन तिचं पाणी झालं होतं आणि झाकण आत ओढलं गेलं होतं. मला कारण तोंडपाठ होतं, मी आठवीला ते दर वर्षी शिकवायचे. पण कारण माहीत असून खिचडी बाहेर येत नव्हती. मी दोन्ही गुडघ्यांत मग धरून पिळत होते आणि तू बाजूला बसून बोंबील भाजत होतीस.

"ओढू नको. कळ येऊ दे," तू म्हणालीस, अगदी बाळंतिणीला सांगावं तशी.

मग तू पाणी तापवलंस, झाकणावरून सोडलंस, आणि ते फट्‌ करून सुटलं. त्या मगात चहा छान राहायचा, हे मी आजही म्हणेन. पण तो चुलीवर ठेवता येत नव्हता आणि थंडीत मी गार जेवलेलं तुला चालत नव्हतं. परत आल्यावर तू म्हणालीस की आता मग मी निवडणार.

नंदुरबारच्या भांड्यांच्या दुकानातली ती दुपार दुकानदार अजून विसरला नसेल. तू काउंटरवर सगळे मग मांडायला लावलेस. जर्मनचे तू आधीच बाजूला सारलेस. हलके असतात, पण त्यांची कड बॅगेत चेपते, आणि कड गोल राहिली नाही की झाकण बसत नाही. चिनी मातीचा मुलामा दिलेला एक देखणा मग मी हातात घेतला, तर तू म्हणालीस की दगडावर एकदा टेकला की याचा टवका उडेल आणि तो तुझ्या भातात येईल. राहिले स्टीलचे. तू बोट घालून आतले कोपरे तपासलेस, हात तळापर्यंत जातो का पाहिलंस, कारण डोंगरात घासायला राखेशिवाय काही नसतं. घडीची तारेची मूठ ओढून पाहिलीस. मग एक जाड तळाचा मग उचललास, झाकण लावलंस, आणि हातभर उंचीवरून सरळ फरशीवर सोडलास.

सगळं दुकान वळून बघायला लागलं.

"अहो ताई, हा मी आता कोणाला विकू?" दुकानदार म्हणाला.

तू मग उचलून झाकण काढलंस, लावलंस. ते बसलं. "मलेच इक," तू म्हणालीस. त्यानंतर आपटलेला एक मात्र चेपला, तोही तुला घ्यावा लागला. पुढे त्या चेपलेल्या मगाने तुझ्या कोंबड्यांना कणी मोजून घालायचं काम केलं.

माझ्यासाठीही तू तसाच जाड तळाचा घेतलास. मला तो जड वाटला होता, आणि मी ते तिथेच बोलले. पाठीवर दिवसभर वाहायचं आहे, हातात धरून फोटो काढायचा नाही. तू म्हणालीस की पातळ तळाच्या भांड्यात भात लागतो, आणि लागलेला भात खाण्यापेक्षा मी चार पावलं जास्त दमेन. हा आपला वाद. तो त्या दुकानात सुरू झाला आणि दर हिवाळ्यात नव्याने चालू राहिला. मी हलक्याच्या बाजूने, तू जडाच्या. मी हरले असं नाही. झाकणाला भोक हवं हे माझंच म्हणणं होतं. तू म्हणायचीस झाकण घट्टच हवं, वाफ कोंडली की लवकर शिजतं. पहिल्याच मुक्कामी तुझी खिचडी उतू जाऊन चूल विझली. घरी गेल्यावर तू खिळ्याने दोन्ही झाकणांना भोकं पाडलीस, आणि पुढच्या वर्षी ती तुझीच कल्पना असल्यासारखी पाड्यावरच्या बायकांना समजावून सांगितलीस.

एक मात्र कबूल करायला हवं. ज्या वर्षी मी ओढ्यात घसरले, त्या वर्षी तू बरोबर होतीस. तोरणमाळहून खाली उतरताना शेवाळावर पाय गेला आणि मी बॅगेवरच पडले. बॅगेत मग होता, मगाखाली दगड. मगाला पोचा आला, पण झाकण तसंच बसत होतं. माझा घोटा मात्र सुजून माठासारखा झाला. तू त्याच मगात मिठाचं पाणी तापवून घोटा शेकलास, मग मग राखेने घासून त्यात पातळ पेज केलीस, शालीत गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलीस आणि गरम आहे तोवर पी म्हणालीस. दुसऱ्या दिवशी माझी बॅग तू तुझ्या बॅगेवर चढवून घेतलीस. मी लंगडत मागून येत होते आणि तू पुढे दोन बॅगा घेऊन, दोन्ही जड मगांसकट, चालली होतीस. मी म्हटलं, थोडं सामान इथे कोणाच्या घरी ठेवू, नंतर मागवू. तू मागे वळूनही पाहिलं नाहीस. इतकी ताकद तुझ्यात होती. वयाने तू माझ्यापेक्षा मोठी होतीस हे मला तेव्हा कोणी सांगून पटलं नसतं.

म्हणून गेल्या नाताळाच्या आधी तू जे बोललीस ते माझ्या कानांना पटेना.

तू नंदुरबारला आली होतीस, मिरची घ्यायला. माझ्या ओट्यावर बसली होतीस. चहा अर्धा ठेवलास. मग सहज बोलावं तशी म्हणालीस, "यंदा हलका मग देख बरं. तुन्हा पोऱ्याले सांग."

मी तुझ्याकडे पाहिलं. तुझं घड्याळ मनगटावरून घसरून पंजावर आलं होतं. तू बोलता बोलता ते वर सारत होतीस आणि ते परत घसरत होतं. माझी आई गेली त्या वर्षी तिच्या बांगड्यांचं असंच झालं होतं. पोटातला आजार होता तिचा, आणि तो आधी मनगटावर दिसला होता.

"तुले काय व्हयनं?" मी विचारलं.

"माले काय व्हई? वय व्हयनं," तू म्हणालीस. मी बघत राहिले तेव्हा तू भाषा बदललीस. "हे पाहा, नलिनीबाई. विषय मगाचा आहे, माझा नाही."

तू इतक्या लोकांना दवाखान्यात धरून नेलं होतंस. स्वतःच्या बाबतीत तू आधीच सगळं करून आली असणार, सुरतेला तपासण्या, रिपोर्ट, सगळं, हे मला त्या क्षणी कळलं. आणि तुला मी विचारायला नको आहे, हेही. मग मी काय केलं? मी जड मगाची बाजू घेतली. तुझी सगळी वाक्यं तुलाच ऐकवली. पातळ तळाला भात लागतो, कड चेपते, चार पावलं जास्त दमलीस तर काय होतं. मला काहीच समजलं नाही असं तुला वाटावं म्हणून मी भांडत होते. तू माझ्या बाजूने भांडत होतीस, दिवसभर पाठीवर वाहायचं आहे म्हणून. आपण दोघींनी बाजू बदलल्या होत्या आणि दोघींपैकी कोणी हसलं नाही. शेवटी मी म्हटलं, बरं बाई, मागवते.

मुलाने टायटॅनियमचा पाठवला. तू नाव वाचून म्हणालीस, हे तर गोळीचं नाव वाटतं. रिकाम्या काडेपेटीइतका हलका. झाकण नुसतं वर ठेवायचं, त्याला छोटी कडी. मला तो बघूनच कळलं की याच्यात भात काही नीट व्हायचा नाही. तू तो हातात घेऊन खालीवर केलास आणि तुझ्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसलं की मी पुढे काही बोलले नाही.

नाताळ झाल्यावर आपण निघालो. वाट मी छोटी निवडली होती, तोरणमाळच्या तळ्याच्या आसपासची, आणि तू ती छोटी का असं विचारलं नाहीस. थंडी कडक होती. तू दर थोड्या वेळाने थांबत होतीस, पण दम लागला म्हणून कधीच नाही. एकदा बुटाची नाडी. एकदा कुठल्याशा झाडाची साल. एकदा वाटेत लाकडाची मोळी घेऊन येणारी म्हातारी भेटली, तिच्या सगळ्या नातवंडांची तू नावं विचारलीस, मग नातसुनांची, मग त्यांना कोणते डोस दिले ते. म्हातारीच शेवटी कंटाळून निघाली. मी तिथेच उभी राहून डोंगर बघत होते. घाई नव्हती.

दुपारी तळ्याच्या वरच्या अंगाला आपण दगडांची चूल मांडली. तू सुकट आणली नव्हतीस. नव्या मगात तू तांदळाची पेज टाकलीस, आणि जाळ नीट लागायच्या आत तिने तळ धरला. करपल्याचा वास आला. तू घाईने मग उतरवलास तर कड इतकी तापलेली की ओठ लावता येईना. तेवढ्यात वाऱ्याने झाकण उडालं आणि घरंगळत उतारावरून निघालं. मी त्याच्यामागे धावले. साठीची बाई, साडी खोचून, एका झाकणाच्या मागे. ते एका करवंदीच्या जाळीत अडकलं. वळून पाहिलं तर तू पोट धरून हसत होतीस. मग ते हसणं खोकल्यात गेलं आणि तू बराच वेळ वाकून बसलीस. मी झाकण घेऊन हळूहळू वर आले. मुद्दाम हळू आले, तुला तोंड पुसायला वेळ मिळावा म्हणून.

"शिकेल बाई, घी अशा मग," तू म्हणालीस, शिकलेल्या बाईने घ्यावा तो असला मग. "याच्यामा पाणी सुद्धा लागी."

मी माझ्या पोचा आलेल्या स्टीलच्या मगात नवी पेज टाकली. जाड तळ, बारीक जाळ, वर झाकण. ती हवी तशी मऊ झाली. तुझ्या मगात ओतून द्यावी म्हणून तो मागितला, तर त्याला करपल्याचा वास होता. तेव्हा मी माझाच मग तुझ्या हातात दिला. तू मला विचारलंस, "चालई ना?" मी म्हटलं, पी. तू थोडी प्यायलीस आणि मग माझ्याकडे दिलास. मी थोडी प्यायले आणि तुझ्याकडे दिला. असे आपण तो संपवला. त्याआधी आपण एका भांड्यात कधी जेवलो नव्हतो.

त्यानंतर तू डोंगरात आली नाहीस. मी गाडीने चिंचपाड्याला उतरायचे आणि रिक्षा करून तुमच्या गावात यायचे. आजाराचं नाव तोवर सगळ्यांनाच कळलं होतं, तेव्हा त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तू खाटेवर, खिडकीशी. एकदा तू म्हणालीस की आपण दोघी इतकी वर्षं वेडेपणा केला. तळ जाड हवा आणि भिंत पातळ, असा मग का कोणी करत नाही? मी म्हटलं, तळ आणि भिंतीचा सांधा सुटेल. तू म्हणालीस, का सुटेल? चांगला जोडला तर कशाला सुटेल? मी म्हटलं, तापून गार होऊन सुटेल, दोन्ही सारखे फुगत नाहीत. तू म्हणालीस, तू आठवीचं सांगू नको. तुझा आवाज अगदी बारीक झाला होता, पण त्यात तीच ठसठशीत चीड होती. मला इतकं बरं वाटलं. त्या दिवशी मी मुद्दाम तुझं म्हणणं मान्य केलं नाही, म्हणजे पुढच्या भेटीत तू ते परत काढशील. पुढच्या भेटीत तू झोपेत होतीस.

तुला माती दिली त्या दिवशी तुमच्या अंगणात मोठी पंगत होती. तुझी धाकटी बहीण मला हाताला धरून मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथे नव्या पातेल्यात वेगळी डाळ आणि भात होता. रूथने खाटेवरून सांगून ठेवलं होतं, ती म्हणाली, की नलूचं वेगळं करा आणि भांडं नवं घ्या. तू स्वतःच्या मौतीच्या जेवणाची व्यवस्था करत होतीस आणि त्यात माझ्या डाळीची. मी ती डाळ खाल्ली. आभार तुझे मानायचे होते, ते तुझ्या बहिणीचे मानले.

गेल्या आठवड्यात दाविदभाऊ नंदुरबारला आले. खताचं काही काम होतं. माझ्या ओट्यावर बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, ती शेवटी जिथे गेली होती तिथे मला न्याल का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, तिथे आपलं आपण शिजवायचं असतं ना, मला भांडं लागेल. तुझे दोन्ही मग घरात होते, पण ते त्यांना घ्यायचे नव्हते. तिचे आहेत, असं म्हणाले.

आम्ही बाजारात गेलो. दुकानदाराने मला ओळखलं, तुझी चौकशी केली. मी सांगितलं. त्याने काउंटरवर मग मांडायला सुरुवात केली आणि काही न विचारता स्टीलचेच मांडले. दाविदभाऊंनी विचारलं, काय बघायचं असतं यात? मी सांगत गेले. त्यांनी प्रत्येक मग दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून, मन लावून ऐकलं. त्यांनी शेवटी मधल्या वजनाचा एक घेतला. मी त्यांना कुठल्याही बाजूला ढकललं नाही.

त्यांची गाडी यायला वेळ होता. स्टेशनवर बाकावर बसलो. ऊन चांगलं होतं. मग कागदात गुंडाळून त्यांच्या मांडीवर होता. ते गाडी येण्याच्या दिशेला बघत होते आणि तिकडेच बघत त्यांनी विचारलं, "नाताळानंतर तुम्ही गेल्या तेव्हा, तिला बरं नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"तिने सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "पण माहीत होतं."

ते मान हलवत राहिले. "मलाही तिने सांगितलं नव्हतं तेव्हा."

मग त्यांनी सांगितलं. निघायच्या सकाळी तू चर्चला गेली होतीस. त्यांनी तुझी भरलेली बॅग उघडली. जाड चादर काढून पातळ ठेवली. बॅटरी काढली. तांदूळ अर्धा काढून परत डब्यात ओतला आणि वरून कपडे नीट लावून बॅग होती तशी बंद केली. तुला कळू नये म्हणून.

मी त्यांना सांगितलं, की वर पेज पिऊन झाल्यावर तू तोंड धुवायला तळ्याकडे उतरलीस तेव्हा मीही तुझी बॅग उघडली होती. डाळीची पुरचुंडी, मिठाची डबी, पाण्याची मोठी बाटली आणि उरलेला तांदूळही मी माझ्या बॅगेत टाकला होता. तेव्हा तांदूळ इतका कमी कसा, असं मला वाटलं होतं.

दाविदभाऊ हसले. त्यांचे डोळे भरले होते, पण ते हसलेच. गाडी आली तेव्हा आम्ही दोघंही उठलो आणि पुढच्या महिन्यात थंडी पडली की निघायचं असं ठरवलं.

रूथ, तू सगळी नोकरी खांद्यावर पेटी वाहिलीस. कुठल्या पेटीत किती वजन आहे ते तुला हात लावताच कळायचं. त्या दुपारी तू तळ्यावरून वर आलीस, बॅगेचा पट्टा धरलास आणि उचलताना क्षणभर थांबलीस. मी चुलीतली राख पसरायच्या निमित्ताने खाली बघत होते. तू बॅग पाठीवर टाकलीस आणि माझ्या पुढे चालायला लागलीस.